अविधवा नवमीचं पान

मोहना कर्णिक बडोद्याजवळच्या पादरा गावात वाढली. वडील रमाकांत कर्णिक तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, अशा दोन भाषांत तिचं बालपण गेलं. फिजिओथेरपी शिकायला ती बडोद्याला आली आणि इथलीच झाली. कारेलीबागेतल्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सैल करता करता पस्तिशी कधी उलटली, ते तिलाही कळलं नाही. लग्नाचा विषय घरातल्यांनी सोडून दिला होता. अशात समरजित टिपणिसांचं स्थळ आलं.

टिपणीस म्हणजे जुनं घराणं. पणजोबा संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या खासगी कारभारात, मोठ्या हुद्द्यावर होते. आता त्यातलं फक्त नाव उरलं होतं. समरजित एका विमा कंपनीत अधिकारी होते आणि आई उषाताईंबरोबर दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये राहायचे. शांत, नीटनेटके, कधी आवाज न चढवणारे. एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकली.

“माझं आधी लग्न झालं होतं. योगिनी. एका दुपारी ती घराबाहेर पडली, ती परत आली नाही. पुष्कळ शोधलं. पोलीस झाले, पेपरात फोटो दिला. सात वर्षं वाट पाहून मग कोर्टात गेलो. कोर्टानं ती मृत असल्याचं मानलंय.”

सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. मोहनाला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्या दयेतूनच तिचा होकार निघाला. वर्षभरात आभा झाली. संसार बरा चालला होता. समरजित तिला जपायचे. डॉक्टरकडे गेलं की “हिला रात्री झोप लागत नाही” हे तेच सांगायचे, हॉटेलात तिच्यासाठी काय मागवायचं ते तेच ठरवायचे, तिच्या माहेरच्या फोनवर “ती दमलीये” हेही तेच सांगून टाकायचे. सुरुवातीला मोहनाला त्याचं कौतुक वाटलं. पुढे त्याची सवय झाली.

झोप लागत नाही हे मात्र खरं होतं. एकदा दवाखान्यात गुडघ्याच्या व्यायामाला आलेल्या एका म्हाताऱ्या बेननं तिचं आडनाव ऐकलं आणि पटकन विचारलं, “टिपणीस? पेला भाई ने, जेनी वाइफ गुम थई गयेली?” मग तिनं जीभ चावली. त्या दिवसापासून मोहनाच्या डोक्यात काहीतरी कुरतडायला लागलं. माणूस असा नाहीसा कसा होतो? भर दुपारी, भर वस्तीतून? वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्लीत, टिपणिसांचं जुनं घर होतं, योगिनी तिथूनच गेली होती. पुढे ते विकलं. विकण्याआधी त्यातलं पाण्याचं टाकं बुजवून टाकलं, असं उषाताई एकदा सहज बोलून गेल्या. मोहनाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ती कामाचं निमित्त काढून वाडीत गेली आणि त्या घरासमोर उभी राहिली. तिथे आता साड्यांचं गोडाऊन होतं. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, त्या साली डेंग्यूमुळे अख्ख्या पोळातली टाकी बुजवली होती. ती स्वतःशीच ओशाळली, पण परत येताना अर्ध्या वाटेवर पुन्हा तेच: आणि त्यातल्या एका टाक्यात काही असेल तर?

नवऱ्याच्या शेजारी झोपून असले विचार करायची तिला लाज वाटायची. सकाळी ते तिच्यासाठी चहा करून आणायचे, आणि ती कपाकडे जरा जास्तच वेळ बघत बसायची.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एका वर्षी गणपती उठले आणि पितृपक्ष लागला, तेव्हा मराठी बायकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. शहराच्या टोकाला असलेल्या छाणीतल्या एका शिवणकामाच्या कारखान्याची नवरात्रासाठी जाहिरात होती. चणियाचोळ्या, त्यावर आरसे टाचणाऱ्या बायका, खाली पत्ता. दुपारची वेळ होती, मोहना दवाखान्यात डबा खात होती. व्हिडिओखाली निरुपमाताईंचा मेसेज आला. निरुपमाताई त्यांच्याच मजल्यावर समोर राहायच्या, टिपणिसांना वाडीपासून ओळखायच्या. त्यांनी लिहिलं होतं: “ही मागे बसलेली आपली योगिनी नाही का?”

मोहनानं तो वाचला, आणि वाचता वाचताच तो पुसला गेला. त्या जागी ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे’ एवढंच उरलं.

तिनं व्हिडिओ परत लावला. मागच्या रांगेत मशीनवर एक बाई होती, केस पिकायला लागलेली. क्षणभर तिनं मान वर केली. योगिनीचा फोटो मोहनानं दरवर्षी तिच्या श्राद्धाला पाहिला होता. त्यातल्या उजव्या भुवईत एक तुटलेली रेघ होती, लहानपणी पडल्याची खूण. मोहनानं चित्र थांबवून मोठं केलं. रेघ होती. की सावली? तिला सांगता येईना. त्या दुपारी तिनं एका पेशंटचा बरा असलेलाच खांदा दाबून दिला, आणि त्यानं सांगितल्यावर ती भानावर आली.

संध्याकाळी समरजित पेपर चाळत बसले होते. तिनं फोन त्यांच्यासमोर धरला.

“हे बघा ना. ही बाई ओळखीची वाटते का?”

त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. “कोणीतरी दिसतंय तसं,” ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. थोड्या वेळानं म्हणाले, “असले व्हिडिओ बघून डोळे खराब होतात तुझे.”

मोहना स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं ‘योगिनी’ हे नाव उच्चारलं नव्हतं. तरी ते म्हणाले, ‘दिसतंय तसं’. कशासारखं? आणि ज्याची बायको नाहीशी झाली, तो माणूस असा चेहरा दिसल्यावर निदान एकदा म्हणेल की नाही, पुन्हा लाव बघू?

अविधवा नवमी दोनच दिवसांवर आली होती. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. योगिनी कधी गेली हे माहीत नसल्यानं कोर्टाचा निकाल लागल्यापासून उषाताईंनी तीच तिथी धरली होती. दर वर्षी योगिनीचा फोटो पाटावर मांडला जायचा, तिच्या नावानं सवाष्ण जेवायला यायची, आणि लग्न झाल्यापासून तो सगळा स्वयंपाक मोहना करायची. खीर, वडे, आळूची भाजी, आमसुलाची चटणी. सवतीचं श्राद्ध करते म्हणून नातेवाइकांत तिचं कौतुक होतं.

त्या वर्षी वडे तळताना तिचं लक्ष कढईत नव्हतं. समरजित पाटावर बसले होते. गुरुजी सांगतील तसं ते हातावर काळे तीळ घेत होते आणि पाणी सोडत होते. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. मोहना त्यांच्या पाणी सोडणाऱ्या हाताकडे बघत राहिली. वडा करपल्याचा वास आला तेव्हा उषाताई आतून म्हणाल्या, “अगं, लक्ष कुठंय तुझं?”

सवाष्ण म्हणून निरुपमाताईच आल्या होत्या. दर वर्षी त्याच यायच्या. त्या पानावर बसल्या, पण घास उचलवेना. वरणभात चिवडला, खिरीची वाटी तशीच ठेवली आणि हात धुवायला म्हणून आत आल्या. मोहनानं स्वयंपाकघराचं दार लोटलं.

“ताई, मेसेज का पुसलात?”

“कुठला? अगं, चूक झाली. चष्मा नव्हता डोळ्यावर.”

“मग जेवला का नाहीत?”

निरुपमाताईंनी पदरानं तोंड पुसलं. बाहेर गुरुजींचा आवाज चालू होता. “मोहना, माझी खात्री नाही ग. पण तीच असेल तर मी आता कुणाच्या नावानं जेवत होते? जिवंत बाईच्या?” त्यांचे डोळे भरले. “मला पुढच्या वर्षी बोलावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मोहनानं दवाखान्यात सुट्टी टाकली आणि आभाला शाळेत सोडून स्कूटर छाणीच्या रस्त्याला लावली. वाटेत दोनदा ती थांबली. एकदा परत फिरायचं म्हणून गाडी वळवलीसुद्धा. तिला कळत नव्हतं, आपल्याला काय सापडायला हवंय. ती योगिनी नसली तर बुजवलेलं टाकं पुन्हा डोक्यात येणार. आणि असली तर?

कारखाना म्हणजे एका घराचा खालचा मजला होता. नवरात्र तोंडावर आल्यानं मशीनं धडधडत होती. मालकीण कांताबेननं तिला गिऱ्हाईक समजून “आवो, बेसो ने” म्हणून खुर्ची दिली. मोहनाची नजर मागच्या रांगेत गेली. बाईनं मान वर केली. रेघ होती.

“योगिनी?” मोहनाच्या तोंडून निघालं.

“हो,” ती बाई मराठीत म्हणाली. “तुम्ही कोण?”

इतकं सोपं उत्तर येईल असं मोहनाला वाटलंच नव्हतं. तिला दुसरं नाव, दुसरी भाषा, निदान नाकारणं तरी अपेक्षित होतं. “मी मोहना. समरजित टिपणिसांची बायको.”

योगिनीनं मशीन बंद केलं. तिला आश्चर्य वाटलं, पण भीती दिसली नाही. “अस्सं! त्यानं लग्न केलं का? बरं झालं.” ती उठली, आणि दोघी मागच्या अंगणात जाऊन बसल्या. तिथे दोरीवर रंगीत कापडं वाळत होती.

“तुम्ही इथे लपून राहता?” मोहनानं विचारलं.

“लपून? छाणी म्हणजे काय परदेश आहे? माझंच नाव लावते मी. फक्त आपल्या लोकांत जात नाही.”

“पण तुम्ही तर हरवला होता.”

“कोण म्हणालं?” योगिनीच्या कपाळाला आठी पडली. “मी निघून गेले. तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलंसुद्धा, मी ठीक आहे, शोधू नकोस. पुढे त्यानं घटस्फोटाचे कागद आणले, मंगळबाजारच्या नाक्यावर उभं राहून मी सह्या केल्या. बाकीचं बघतो म्हणाला.”

“त्यांनी ते कागद दिलेच नाहीत कुठे,” मोहना म्हणाली. “कोर्टानं तुम्हाला मृत ठरवलंय.”

योगिनी आधी हसली. “मला? कधी?” मग तिनं मोहनाचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विरलं. “खरं सांगताय?”

“काल तुमचं श्राद्ध केलं. मीच वडे तळले.”

आतून कांताबेननं हाक मारली, ती दोघींनाही ऐकू आली नाही.

“त्यांनी मारलं होतं का तुम्हाला?” अखेर मोहनानं विचारलं. हा प्रश्न तिनं इतकी वर्षं गिळला होता.

“छे! समर कधी बोट लावणार नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.” योगिनी शब्द शोधत होती. “तो माझ्याऐवजी बोलायचा. मला काय आवडतं, मला काय होतंय, मला मूल का नको, सगळं तोच सांगायचा, आणि लोकांना ते पटायचं. माझे मामा ग्वाल्हेरहून भेटायला आले, त्यांनाही म्हणाला की ही इथे खूश आहे. मी शेजारीच बसले होते. त्या दुपारी भाजी आणायला बाहेर पडले, आणि रिक्षावाल्यानं विचारलं, बेन, कुठे जायचंय? मला रडूच आलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला विचारत होतं.”

मोहनाला डॉक्टरची केबिन आठवली, हॉटेलातलं मेनूकार्ड आठवलं.

निघताना योगिनी तिच्या स्कूटरपर्यंत आली. “मला जिवंत व्हावं लागेल,” ती म्हणाली. “पण मी जिवंत झाले की तुमचं लग्न उरत नाही. बरोबर ना?”

“बरोबर.”

“मुलं आहेत?”

“एक मुलगी. आभा.”

योगिनीनं मान हलवली. “मग तुम्ही सांगाल तेव्हा. मी इतकी वर्षं मेलेली होते, आणखी थोडे दिवस चालेल.”

ते थोडे दिवस मोहनानं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. दवाखान्यात ती एकाच पेशंटला तोच व्यायाम दोनदा करायला लावायची. घरी कपाटं आवरायची आणि आवरलेली पुन्हा उपसायची. समरजित शेजारी बसले की ती उठून गॅलरीत जायची, गॅलरीत आले की आत यायची. नवरा खुनी नाही म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, अगदी क्षणभर. मग दुसरंच काहीतरी वर यायचं, आणि त्याला नाव देता येत नव्हतं. कधी वाटायचं, गप्प बसावं, कुणाचं काय बिघडतंय? मग आंघोळ करताना एकदम आठवायचं, की एक बाई तिथे मशीन चालवतेय आणि सरकारदरबारी ती नाहीच.

रविवारी सकाळी आभा खाली खेळायला गेली होती. उषाताई आपल्या खोलीत जप करत होत्या. मोहनानं समरजितच्या हातातला पेपर काढून घेतला.

“मी छाणीला गेले होते.”

त्यांनी वर पाहिलं. “काय म्हणाली ती?”

कोण, असंही त्यांनी विचारलं नाही. मोहनाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “का केलंत हे?”

“तू समजून घे, मोहना. ती गेली त्याच संध्याकाळी मी तक्रार नोंदवली होती. मग फोन आला. तोवर सगळीकडे झालं होतं, समरजितची बायको हरवली. लोक घरी येत होते, आईला धीर देत होते. आता त्यांना काय सांगू? हरवली नाही, मला सोडून गेली म्हणून?”

“पोलीस तुम्हाला बोलवत होते. लोक तुमच्यावर संशय घेत होते. दवाखान्यात आजही विचारतात मला. खुनी म्हणवून घेणं चाललं तुम्हाला?”

“ते कुणी तोंडावर म्हणत नव्हतं.” त्यांनी चष्मा काढला. “सोडून गेली, हे लोक तोंडावर म्हणाले असते. रावपुऱ्यातून मान वर करून चालता आलं नसतं मला.”

“सह्या केलेले कागद होते तुमच्याकडे.”

“कोर्टात तिला उभं करावं लागलं असतं. सगळं बाहेर आलं असतं.”

“म्हणून मारून टाकलंत तिला. आणि माझ्याशी लग्न केलंत.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं, आणि मोहनाला ते कळत होतं. म्हणूनच तिला तिथे उभं राहवेना.

खोलीच्या दारात उषाताई उभ्या होत्या. हातात जपमाळ तशीच होती. “योगिनी जिवंत आहे?” त्यांनी विचारलं. त्या मुलाच्या पुढ्यात आल्या. “मी तिच्या नावानं रडले रे. दर वर्षी. तू बघत होतास.” समरजित “आई, ऐक” म्हणाले, पण त्या वळल्या. कपाटातून योगिनीचा फोटो काढून त्यावरचा हार त्यांनी ओढून तोडला. मग फोटो घेऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, कारण तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

त्या दुपारी मोहनानं योगिनीला फोन केला. “वकील बघितलाय मी,” ती म्हणाली. “उद्या येऊ शकाल का?”

वकीलबाईंनी सगळं सरळ सांगितलं. निकाल रद्द होईल. आभाच्या हक्कांना धक्का लागणार नाही. मोहनाचं लग्न मात्र पहिल्या दिवसापासून लग्नच नव्हतं, असं धरलं जाईल. मोहनानं ते ऐकलं आणि पाणी मागितलं. मग म्हणाली, “करा सुरू.”

तारखा पडत गेल्या. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात योगिनी न्यायाधीशांसमोर उभी राहिली आणि आपलं नाव सांगितलं. एवढंच तिला करायचं होतं, आणि ती खाली बसली तेव्हा मोहनानं तिचा हात धरला. दोघी मैत्रिणी झाल्या असं मात्र नाही. एकमेकींशी काय बोलावं हे त्यांना पुढेही फारसं कळलं नाही. निकाल रद्द झाला. समरजितवर खोटं प्रतिज्ञापत्र केल्याचा खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. उषाताई त्यांच्याजवळच राहिल्या. “मुलगा आहे, टाकू कुठं?” असं त्या मोहनाला म्हणाल्या, पण एकदा निरुपमाताईंना बरोबर घेऊन छाणीला जाऊन आल्या. तिथे काय झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही.

मोहना आभाला घेऊन कारेलीबागेत भाड्याच्या घरात राहते. दर रविवारी समरजित येतात, खाली फाटकाशी थांबतात, आणि आभाला कमाटीबागेत फिरवून आणतात. मागच्या महिन्यात योगिनीचा रीतसर घटस्फोट झाला. त्यानंतरच्या रविवारी आभाला घ्यायला आले तेव्हा ते जरा घुटमळले.

“मोहना, आता काही अडचण नाही. आपण लग्न करू या. खरं, कायद्यानं. आभासाठी तरी.”

त्यांनी दाढी नीट केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेल्या वर्षात ते फार थकले होते. ते पहिल्या भेटीत मान खाली घालून बसले होते तसेच आताही उभे होते, आणि तिला पुन्हा त्यांची दया आली. तिला वाटलं, आपण हो म्हणून बसू. म्हणून तिनं वेळ लावला नाही.

“नाही,” ती म्हणाली.

ते आभाचा हात धरून निघाले. मोहना वर आली, चहा ठेवला आणि गॅसपाशीच उभी राहिली. चहा उतू गेला. तिनं ओटा पुसला, पुन्हा चहा ठेवला, आणि खिडकीतून वाट बघत बसली. आभा परत आली तेव्हा तिचे बूट चिखलानं भरले होते, आणि बागेतल्या छोट्या आगगाडीत आज पुढच्या डब्यात जागा मिळाली म्हणून ती जिना चढतानाच ओरडून सांगत होती.